हे जुनं संगीत आता कोण ऐकतं?

गिटारच्या क्लासमध्ये नव्या मुलांना मी पहिल्या दोन महिन्यांतच बारा बारचं ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं जुनं संगीत, शिकवतो. मग कुणाचे तरी आईबाबा विचारतातच, "सर, हे जुनं संगीत आता कोण ऐकतं? हिंदी गाणी शिकवा ना." तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

आधी मी वाजवून दाखवतो. बार म्हणजे चार मात्रांचा एक तुकडा; असे बारा बार हे आवर्तनच समजा. चार-चार बारच्या तीन ओळी, कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) तीनच: ई, ए, बी. पहिली ओळ गायची, तीच पुन्हा गायची आणि तिसरीत तिला उत्तर द्यायचं. मग पहिल्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला (गिटारच्या दांडीवरची पट्टी) बोट दाबून तार किंचित वर ढकलायची. कोमल गंधार सुटलाय, शुद्ध गंधार अजून लागलेला नाही, तिथेच थांबायचं. पेटीवर ही जागा सापडत नाही, पण मींड ऐकत वाढलेला कान ती लगेच ओळखतो. ब्लूजचं सगळं दुखणं त्या एवढ्याशा जागेत आहे.

आणि ऐकतं कोण, तर सगळेच, नाव माहीत नसलं तरी. रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश रॉक बँडने आपलं नावच मडी वॉटर्स या ब्लूज गायकाच्या 1950 च्या गाण्यावरून घेतलं. एल्व्हिस प्रेस्लीचं 1954 मधलं पहिलं रेकॉर्ड म्हणजे आर्थर क्रुडपने 1946 मध्ये ध्वनिमुद्रित केलेलं ब्लूज. एल्व्हिस जगभर पोचला आणि क्रुडप हक्काच्या रॉयल्टीसाठी झगडत 1974 मध्ये गेला. हे सांगताना मला आजही राग येतो, आणि मुलांना मी दोन्ही नावं एकत्रच पाठ करायला लावतो.

आजचं म्हणाल तर क्रिस्टोन इंग्रम ऐका, ज्याला सगळे किंगफिश म्हणतात. जन्म 1999 चा, मिसिसिपीतल्या क्लार्क्सडेलचा, म्हणजे ब्लूजच्या माहेरचाच. तिथल्या डेल्टा ब्लूज म्युझियमच्या वर्गात तो शिकला. आपल्या भागाच्या टेलिफोन कोडवरून त्याने अल्बमला '662' नाव दिलं आणि 2022 मध्ये त्याला ग्रॅमी मिळाला. गॅरी क्लार्क ज्युनियरचं 'धिस लँड' तर ऐकाच. टेक्सासमधल्या स्वतःच्या जमिनीवर एका शेजाऱ्याने "खरा मालक कोण?" असं त्याला विचारलं, त्या अपमानातून आलेलं हे गाणं. 2020 मध्ये गाण्याला रॉकचे ग्रॅमी मिळाले आणि त्याच नावाच्या अल्बमला ब्लूजचा. आपल्याकडे शिलाँगचा सोलमेट हा बँड 2003 पासून वाजवतोय.

अमेरिकन ब्लूज गिटारवादक बडी गाय 2011 मध्ये बांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत वाजवून गेला, तेव्हा तो 74 वर्षांचा होता. वाजवता वाजवता आवाज कुजबुजीपर्यंत खाली आणायची त्याची सवय आहे. मुलांना मी हेच करायला लावतो, कारण जोरात वाजवताना लपणारी चूक हळू वाजवताना उघडी पडते.

परवा एका मुलीचं बोट त्या गंधारावरून तीनदा घसरलं. चौथ्यांदा बसलं. खाली तिचे बाबा स्कूटर सुरू करून उभे होते. मी खिडकीतून त्यांना हाताने खूण केली, पाच मिनिटं.