कोंबडीची खोड मोडण्याआधी टरफल पाहा

परसातली कोंबडी स्वतःचे अंडे खाऊ लागली की तिला खोड लागली असे म्हणून घरातली माणसे तिला विकायला किंवा कापायला निघतात. माझे म्हणणे एवढेच आहे की त्याआधी खुराड्यात उरलेला टरफलाचा तुकडा उचलून दोन बोटांत दाबून पाहावा. तो कागदासारखा दबला किंवा त्याचा पृष्ठभाग खरखरीत लागला, तर दोष कोंबडीत शोधण्यापेक्षा तिच्या खाद्यात शोधलेला बरा.

धड, टणक अंडे कोंबडी सहसा फोडत नाही. पातळ कवचाचे अंडे तिच्याच पायाखाली तडकते, किंवा अंडी घालण्याच्या एकाच खोक्यात दोघी-तिघी शिरल्यामुळे फुटते, आणि ओला बलक दिसला की ती चोच मारते. ती चव एकदा कळली की पुढे धड अंड्यावरही चोच पडू लागते आणि तिचे पाहून बाकीच्याही शिकतात. म्हणूनच पहिले अंडे फुटू न देणे हाच यावरचा खरा उपाय आहे.

अंड्याच्या कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असते. ज्वारी-बाजरीच्या 100 ग्रॅम दाण्यांत ते साधारण 25 ते 40 मिलिग्रॅमच मिळते, आणि कोंबडी दिवसाला खाते जेमतेम 110 ते 120 ग्रॅम. कोकणातल्या नाचणीत ते कितीतरी जास्त असले तरी तेही पुरे पडत नाही. गावरान कोंबडी दहा-पंधरा अंडी घालून खुडूक होते, म्हणजे अंडी घालायचे थांबवून ती उबवायला बसते, त्यामुळे तिच्या हाडांतला साठा भरून यायला मधे वेळ मिळतो आणि उकिरड्यावर उकरून मिळेल त्यावर तिचे भागते. गिरिराज किंवा वनराज यांसारख्या सुधारित कोंबड्या मात्र गावरानपेक्षा बरीच जास्त अंडी घालतात, आणि आपण त्यांच्यापुढे तेच मूठभर दाणे व भाताची शिते टाकतो. त्यांना अंड्यावरच्या कोंबड्यांसाठी मिळणारे लेअर खाद्य द्यावे, कारण त्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असते. शिवाय शिंपल्यांचा भरड चुरा वेगळ्या भांड्यात कायम ठेवावा. भरड म्हणण्याला कारण आहे. कवच तयार व्हायला जवळजवळ वीस तास लागतात आणि त्यातला मोठा भाग रात्री होतो. त्या वेळी कोंबडी काही खात नाही, पण पेषणीत, म्हणजे दाणे भरडणाऱ्या स्नायूंच्या पिशवीत, अडकलेले शिंपल्याचे तुकडे सावकाश विरघळत राहतात. बारीक भुकटी मात्र लवकर पुढे सरकते. हा चुरा वाढत्या तलंगांना, म्हणजे अजून अंडी न घालणाऱ्या तरुण कोंबड्यांना, देऊ नये, कारण जादा कॅल्शियमने त्यांच्या मूत्रपिंडांना इजा होते. स्वयंपाकघरातली टरफले द्यायची असतील तर ती तव्यावर चांगली भाजून पार चुरडावीत, म्हणजे अंड्याचा आकार किंवा वास त्यांत उरणार नाही.

एप्रिल-मे महिन्यांत खाद्य चोख असूनही कवचे पातळ येतात. उन्हाने धापा टाकणाऱ्या कोंबडीच्या रक्तातला कार्बन डायऑक्साइड भराभर बाहेर पडतो, आणि कवच बनते ते कॅल्शियम कार्बोनेटचे. त्यामुळे कार्बोनेटच कमी पडते. त्या दिवसांत सावली आणि गार पाणी यांना दुसरा पर्याय नाही.

अंडी घालण्याच्या जागेकडे आपले सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. चार-पाच कोंबड्यांमागे फूटभर लांब-रुंद असा एक खोका हवा, त्यात दोन-तीन इंच भाताचे तूस किंवा वाळके गवत हवे, आणि तोंडाशी गोणपाटाचा पडदा सोडून आत अंधार करावा, कारण जे नीट दिसत नाही त्यावर कोंबडी चोच मारत बसत नाही. खुडूक कोंबडी लगेच निराळ्या डालग्यात बसवावी, नाहीतर ती खोका अडवते आणि बाकीच्या तिच्या अंगावर चढून अंडी घालतात. बहुतेक अंडी सकाळी दहा-अकरापर्यंत पडत असल्याने तेवढ्या वेळात दोनदा तरी ती उचलावीत.

अंड्यात लाल तिखट भरून ठेवण्याचा उपाय पुष्कळजण सांगतात. पक्ष्यांना मिरचीचा झोंबरेपणा जाणवतच नाही, त्यामुळे तो फुकट जातो आणि उलट आणखी एक अंडे खायला मिळते. चोचीचे टोक कापण्याच्या तर मी पूर्ण विरोधात आहे, कारण त्या टोकात नसा असतात आणि वेदना कोंबडीला होते. त्यापेक्षा लाकडाचे किंवा चिनी मातीचे अंडे खोक्यात ठेवावे. त्यावर चोच मारून काही मिळत नाही हे कळले की तिचा नाद पुष्कळदा सुटतो.

खाणारी नेमकी कोण हे ओळखायला सकाळी चोचीच्या कडेला आणि गालावर वाळलेला पिवळा बलक दिसतो का ते पाहावे. मात्र तूस कोरडे असेल आणि अंडेच्या अंडे नाहीसे झाले असेल, तर धामण किंवा कावळ्याचा संशय आधी घ्यावा. कोंबडीच सापडली तर तिला काही दिवस वेगळे ठेवून भरपूर लेअर खाद्य व शिंपले द्यावेत, आणि परत सोडताना खोक्याचा तळ किंचित उतरता करून अंडे फळीखालून मागच्या कप्प्यात घरंगळेल अशी सोय करावी. एवढ्यानेही ती थांबली नाही, तर मात्र बाकीच्या शिकण्याआधी तिला कळपातून काढावे.