पसरणी घाटात अडलेली पद्मिनी: आधी पेट्रोल पाहावे, मग करंट

एप्रिलमधल्या एका शनिवारी आम्ही दोघे भाऊ वडिलांची १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी घेऊन पुण्याहून पाचगणीला निघालो. खंबाटकी घाट गाडी विनासायास चढली. सुरूर फाट्यावरून वळून वाईला जेवण केले आणि भर दुपारी अडीचच्या सुमारास पसरणी घाटाला लागलो. घाटाच्या मध्यावर एका रुंद वळणाशी दहा मिनिटे थांबून परत निघताना सेल्फ जोमाने फिरत होता, पण इंजिन काही केल्या सुरू होईना.

हा व्हेपर लॉक असणार, असे आम्ही लगेच ठरवून टाकले. या गाडीचा पेट्रोल पंप, ज्याला मिस्त्री एसी पंप म्हणतात, तो इंजिनलाच बसवलेला असतो. त्यामुळे तापलेले इंजिन बंद केल्यावर पंपातल्या आणि नळीतल्या पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटू शकतो. पंपावर ओले फडके ठेवून आम्ही पाऊण तास थांबलो. गाडी सुरू झाली, जेमतेम दीड किलोमीटर चालली आणि पुन्हा बंद पडली. फडक्याने गाडी सुरू झाली असे आम्हाला वाटले होते, पण प्रत्यक्षात तेवढ्या वेळात सगळेच इंजिन निवले होते, आणि तापल्यावर दगा देणारे भाग त्यात आणखीही असतात.

दुसऱ्या खेपेला मात्र चाकांमागे दगड लावून आम्ही क्रमाने तपासणी केली. एअर फिल्टर काढून, इग्निशन बंद ठेवून, कार्बोरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या) तोंडात पाहत भावाला ॲक्सिलरेटर एकदा दाबायला सांगितले. आत पेट्रोलची बारीक धार उडाली, म्हणजे फ्लोट चेंबरमध्ये, कार्बोरेटरच्या छोट्या टाकीत, पेट्रोल होते आणि व्हेपर लॉकचा संशय तिथेच मिटला. धार दिसली नसती, तर नळी, फिल्टर आणि पंप यांच्याकडे वळावे लागले असते. जुन्या गाडीतल्या रबरी नळ्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने फुगतात व चिरतात, म्हणून त्या निघण्यापूर्वीच बदललेल्या बऱ्या. मात्र पुन्हापुन्हा ॲक्सिलरेटर दाबू नये, कारण त्याने प्लग पेट्रोलने ओले होतात. तसे झालेच तर ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरून, तो न हलवता, पाच-सहा सेकंद सेल्फ द्यावा आणि बॅटरीला अर्धा मिनिट विसावा द्यावा.

सांडलेले पेट्रोल पुसून ते पूर्ण वाळल्यानंतरच करंट, म्हणजे प्लगला मिळणारी ठिणगी, पाहावा. डेल्कोच्या, म्हणजे प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या, झाकणातून कॉइलची (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या भागाची) मधली वायर काढून, जाड रबरी हातमोज्याने धरून, तिचे टोक इंजिनच्या धातूपासून पाच-सहा मिलिमीटरवर ठेवले आणि सेल्फ दिला. ठणठणीत निळी ठिणगी पडायला हवी होती. आम्हाला दिसली ती पिवळी, मरतुकडी. झाकण उघडून पुन्हा सेल्फ दिला, तेव्हा सीबी पॉइंटमध्येच, म्हणजे कॉइलचा प्रवाह जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांतच, मोठ्या ठिणग्या उडत होत्या. पॉइंट उघडताना तिथे ठिणगी पडू न देता कॉइलमधला प्रवाह झटकन तोडण्याचे काम कंडेन्सरचे असते, आणि तो तापल्यावर निकामी होत होता.

सुटा कंडेन्सर डब्यात होता. एक स्क्रू आणि एक वायर, एवढेच काम. काळवंडलेले पॉइंट बारीक पॉलिश पेपरने घासून, पुसून, त्यांच्यातले अंतर सुमारे ०.४ मिलिमीटर ठेवले आणि पहिल्याच सेल्फला गाडी सुरू झाली. पाचगणीपर्यंत आणि दुसऱ्या दिवशी पुण्यापर्यंत ती कुठेही अडली नाही.

जुनी कार्बोरेटरची गाडी घेऊन या वाटेने जाणाऱ्यांनी कंडेन्सर, पॉइंटचा जोड, रोटर (डेल्कोतला फिरणारा भाग), फीलर गेज (पॉइंटमधले अंतर मोजायच्या पट्ट्या) आणि १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प जवळ ठेवावा. ठिणगी अजिबातच नसेल, तर इग्निशन चालू ठेवून टेस्ट लॅम्प कॉइलच्या, डेल्कोकडे बारीक वायर जाणाऱ्या टोकाला (मधल्या जाड वायरला नव्हे) व बॉडीला जोडून सेल्फ द्यावा. दिवा लुकलुकला, तर पॉइंट उघडमीट करीत आहेत. तो सतत पेटून राहिला, तर पॉइंट टेकत नाहीत किंवा मळले आहेत. पेटलाच नाही, तर पुरवठा किंवा कॉइल तुटली आहे, अथवा पॉइंट उघडतच नाहीत. पावसाळ्यात मात्र आधी डेल्कोचे झाकण आतून कोरडे पुसावे. त्या भागातल्या धुक्यात तिथे ओल धरते.

काढलेला कंडेन्सर पाचगणीत पोहोचताच टाकून दिला, कारण थंड असताना तो चांगलाच चालतो आणि चुकून पुन्हा सुट्या भागांच्या डब्यात जातो.