जुन्या शहरात मित्राच्या लग्नाला जाताना

कधी काळी जिथे राहिलो त्या शहरात मित्राच्या लग्नाला जायचं ठरलं की तयारी हमखास अर्धवट होते. अनोळखी गावी जायचं असतं तर पत्ता नीट विचारून घेतला असता, हाताशी वेळ ठेवला असता, रात्रीची शेवटची गाडी कितीला सुटते तेही पाहिलं असतं. इथे ‘आपलंच शहर आहे’ या भरवशावर यातलं काहीच होत नाही. म्हणून माझं ठाम मत आहे की लग्नाच्या दिवसापुरतं त्या शहराला परकं समजावं आणि जुन्या शहराला भेटायला वेगळा दिवस काढावा. एकाच दिवसात दोन्ही बसवायला गेलं की लग्नाला उशीर होतो आणि शहरही धड बघून होत नाही.

डोक्यातला नकाशा कुठे चुकतो ते कळलं की काय सांभाळायचं हे बरंचसं आपोआप सुचतं. हॅरी बॅरिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचा १९८३ सालचा एक अभ्यास इथे फार उपयोगी पडतो. एका छोट्या शहरात शिकून बाहेर पडलेल्या माजी विद्यार्थ्यांना त्याने तिथल्या रस्त्यांबद्दल आणि इमारतींबद्दल विचारलं. काहींना ते शहर सोडून कित्येक दशकं झाली होती. रस्त्यांची नावं लोक झपाट्याने विसरले होते, ठळक इमारती मात्र बराच काळ लक्षात राहिल्या होत्या. परत जाणाऱ्याची अडचण नेमकी हीच असते. त्याचा सगळा भार खुणांवर असतो. ‘त्या थिएटरच्या समोरून डावीकडे’ एवढंच त्याला आठवतं. थिएटर पाडलेलं असेल तर मग सांगायला दुसरं काही उरत नाही, कारण रस्त्याचं नाव कधीच पुसलं गेलेलं असतं. नाव आठवलं तरी ते मधल्या काळात बदललेलं असू शकतं.

दिशांचं आणखी वेगळं आहे. रिचर्ड बर्न यांनी १९७९ मध्ये दाखवलं की लोक आपल्याच गावातले चौक आठवणीतून काढतात तेव्हा रस्ते जवळजवळ काटकोनात काढतात, मग प्रत्यक्षातला कोन ६०-७० अंशांचा असो की ११०-१२० अंशांचा. स्टॅन्ली मिलग्राम यांनी १९७६ मध्ये पॅरिसच्या रहिवाशांकडून शहराचे नकाशे काढून घेतले, तर सीन नदीचा मोठा बाक बहुतेकांनी प्रत्यक्षापेक्षा कितीतरी सौम्य काढला. हे सगळे तिथे राहणारे लोक होते. आपण तर शहर सोडून गेलेले! रोजचा जुना रस्ता पायांना आठवतो हे खरं, पण दोन ओळखीच्या भागांना जोडणारा आडरस्ता मनाने ठरवायला गेलं की हे चुकलेले कोन एकावर एक चढतात आणि आपण भलतीकडेच निघतो. समारंभाच्या दिवशी आडरस्त्याचा प्रयोग करू नये. चालकालाही ‘मी सांगतो तसं घ्या’ म्हणू नये.

आता वेळेबद्दल, कारण सर्वात जास्त गडबड इथेच होते. ‘अर्ध्या तासात पोचतो’ यातला अर्धा तास कुठल्या काळातला असतो? तेव्हा हाताशी स्वतःचं वाहन होतं, रहदारी कमी होती, लांबच्या सिग्नलवरून गाडी कुठे वळवायची ते माहीत होतं. शिवाय माणसाचा अंदाज मुळातच कमी पडतो. रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये विद्यार्थ्यांना प्रबंध पूर्ण व्हायला किती दिवस लागतील ते विचारलं. सरासरी अंदाज ३३.९ दिवसांचा निघाला, प्रत्यक्षात लागले ५५.५. आधीची कामं कशी लांबली होती हे मनात न घेता माणूस फक्त सगळं सुरळीत पार पडल्याचं चित्र बघतो, हे त्याचं मुख्य कारण. प्रवासातही हेच होतं.

यावर उपाय साधा आहे. लग्नाच्या बरोबर एक आठवडा आधी, त्याच वारी आणि त्याच वेळेला, नकाशाचं अ‍ॅप उघडून मुक्कामापासून सभागृहापर्यंतचा वेळ बघा. जाण्याची वेळ निवडायची सोय असेल तर अ‍ॅप एक आकडा न देता पल्ला दाखवतं, समजा २५ ते ४५ मिनिटं. त्यातली ४५ धरा. गाडी मिळायला १०, फाटकापासून सभागृहाच्या दारापर्यंत १० आणि चुकीच्या बाजूला उतरण्यासाठी १५ मिनिटं. झाली ८०. स्मरणातल्या अर्ध्या तासाच्या जागी हे ८० मिनिटं धरणं अनेकांना अतिरेकी वाटतं, पण लवकर पोचल्याने कुणाचं काहीच अडत नाही. लग्नाच्या आठवड्यात मोठा सण, सामना किंवा मिरवणूक येत असेल तर आधीच्या आठवड्याचा आकडा उपयोगाचा नाही. तेव्हा तिथे राहणाऱ्या एखाद्याला विचारावं.

चुकीच्या बाजूला उतरण्याची १५ मिनिटं मी मुद्दाम धरली आहेत. जुनं शहर बदलतं तेव्हा सर्वाधिक फसवतात ते उड्डाणपूल, नवे दुभाजक आणि एकेरी झालेले रस्ते. पुलावर चढलेली गाडी सभागृहाच्या समोरून निघून जाते आणि पुढच्या उतारावर वळून परत येते, किंवा चालक रस्त्यापलीकडे सोडतो आणि मधला दुभाजक ओलांडायला जागा नसते. निघण्याआधी नकाशावर उपग्रहाचं चित्र लावून तीन गोष्टी बघा: सभागृहाचं फाटक कुठल्या रस्त्यावर आहे, आपण येऊ त्या दिशेने ते डाव्या हाताला की उजव्या, आणि पूल लागत असेल तर वरून जायचं की खालच्या रस्त्याने. पत्त्याऐवजी नकाशावरचं नेमकं ठिकाण मागून घ्या. एकाच नावाच्या दोन शाखा, एकाच आवारातली दोन सभागृहं, मागचं फाटक फक्त सामानासाठी, हे प्रकार सगळीकडे असतात. तो भाग मोबाइलवर उतरवूनही ठेवा. शेकडो लोक एका ठिकाणी जमले की नेटवर्क रखडतं, तळघरातल्या पार्किंगमध्ये ते बहुधा नसतंच.

मुक्कामासाठी मन जुन्या वस्तीकडे ओढ घेतं. तिथे एखादी खोली मिळाली तर किती छान, असं वाटतं. तरी मुक्काम सभागृहाच्या जवळच करा, शक्यतो चालत जाता येईल इतका. समारंभाचे कपडे आणि चपला घालून रात्री उशिरा परतायचं असतं. विसरलेली वस्तू आणायला धावावं लागतं. मधल्या दोन तासांत पाठ टेकायला जागा लागते. दोन समारंभ दोन टोकांना असतील तर ज्याची सुरुवात सकाळी लवकर आहे त्याच्या जवळ राहा, कारण संध्याकाळच्या समारंभाला थोडं मागे-पुढे चालतं. आणि पोचायचं ते निदान आदल्या दिवशी दुपारपर्यंत. त्याच दिवशी पोचणाऱ्याची एक गाडी चुकली की पुढचं सगळंच हातचं जातं.

जुन्या शहराशी निगडित आणखी एक बारीक अडचण असते, ती फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. प्रवासाचं जुनं कार्ड मुदत संपून बंद पडलेलं असतं. तिथल्या वाहन-सेवेच्या अ‍ॅपवर खातं असतं, पण ओटीपी जातो तो तेव्हाच्या, आता दुसऱ्याच कुणाकडे असलेल्या नंबरवर. हे घरी बसून, चार दिवस आधी तपासा. तीच गोष्ट दुकानांची. इस्त्री तिथल्या माणसाकडे करून घेऊ, ब्लाउजला टाका त्या कोपऱ्यावर घालून घेऊ, असं ठरवून जाऊ नका. फोन करून खात्री झाली तरच त्या कामाचा भरवसा धरा.

म्हणून समारंभाला जे लागणार ते सोबतच न्यावं. मुख्य पोशाख हातातल्या बॅगेत, कारण मोठी बॅग उशिरा पोचू शकते. कपड्याच्या घड्यांमध्ये धुलाईवाल्याकडची पातळ प्लास्टिकची पिशवी किंवा टिश्यू पेपर घाला. त्याने कापड घडीवर दाबलं न जाता घसरतं, चुण्या कमी पडतात. पोचल्याबरोबर ते टांगा. नवे बूट किंवा चपला घरात तीन-चारदा तासभर घालून मगच न्या. कपड्यांच्या रंगाचा दोरा, सुई, सात-आठ सेफ्टी पिना, दोन बटणं आणि टाचेला लावायच्या पट्ट्या एवढं एका छोट्या पाकिटात बसतं.

आता खुद्द मित्राबद्दल. इतक्या दूरून केवळ त्याच्यासाठी आलो, तर निवांत बोलणं होईल ही अपेक्षा अगदी स्वाभाविक आहे. पण हिशोब करून बघा. ३०० पाहुणे आणि प्रत्येकाला ४० सेकंद म्हणजे २०० मिनिटं, ३ तास २० मिनिटं. तुमच्या वाट्याला येणारा मिनिटभर त्यातलाच आहे, आणि तेव्हा मागे रांग उभी असते. त्या मिनिटात जुनी आठवण उलगडायला घेऊ नये, नीट एक वाक्य बोलावं आणि जोडीदाराशी ओळख करून घ्यावी. त्या दिवशी जोडीदाराला नावानिशी स्वतःची ओळख देणं फार गरजेचं आहे, कारण समोरून येणारा प्रत्येक चेहरा त्याला किंवा तिला अनोळखी असतो. भेटवस्तू मोठी असेल तर आठ-पंधरा दिवस आधी किंवा नंतर घरपोच पाठवा. समारंभाच्या गर्दीत दिलेली जड वस्तू सांभाळायला कुणी मोकळं नसतं.

फाटक कुठलं, गाडी कुठे लावायची, कितीला निघू, हे त्याला विचारू नका. आठवडाभर आधी ‘या गोष्टींसाठी कुणाला फोन करू?’ एवढंच विचारून एखाद्या भावा-बहिणीचा नंबर घ्या. मदत करायची असेल तर ‘काही लागलं तर सांग’ म्हणून सोडून देऊ नका, त्या वाक्यावर कुणी कधी काही सांगत नाही. ‘शुक्रवारी ३ ते ६ मी मोकळा आहे, गाडी आहे, कुणाला आणायचं-सोडायचं असेल तर मला पाठव’ असं सांगितलं की मदत खरोखर घेतली जाते. आणि निवांत गप्पांसाठी लग्नानंतरच्या काही आठवड्यांतली एखादी वेळ आधीच ठरवून घ्या, फोनवर असली तरी चालेल.

बाकीचे जुने मित्र भेटणार असतात. त्यांची बैठक लग्नाच्या कार्यक्रमात घुसवू नये. कोपऱ्यात आठ-दहा जणांचा घोळका दोन तास आपल्यातच रमला तर यजमानांना ते नक्की खटकतं. त्यापेक्षा तीनेक आठवडे आधी ग्रुपवर दिवस, सुरू होण्याची वेळ, संपण्याची वेळ आणि ठिकाण असं चारही एकदमच टाका. फक्त ‘भेटूया रे’ टाकलं की वीस अंगठे येतात आणि भेट होत नाही. ठिकाण सभागृहाजवळचं ठेवा. जुना अड्डा हवाच असेल तर तो अजून चालू आहे का आणि इतक्या जणांना बसायला देतो का, ते विचारून घ्या. त्याआधी शहरातच राहिलेल्या एका विश्वासाच्या माणसाला फोन करून मधल्या काळाची खबर घ्या: कुणाचे आईवडील गेले, कुणाचा संसार मोडला, कुणाचं कुणाशी बोलणं बंद आहे. ‘वहिनी नाही आल्या?’ हा सहज विचारलेला प्रश्न एखाद्याची सगळी संध्याकाळ झाकोळून टाकू शकतो. एका फोनने ते टळतं.

आणि मग शहराचा दिवस. तो शक्यतो लग्नाच्या दुसऱ्या दिवशी ठेवा. आधी ठेवला तर पायपिटीचा शीण अंगात घेऊन समारंभाला उभं राहावं लागतं. कुठून सुरुवात करायची? एम. आर. जी. कॉन्झेन या भूगोलतज्ज्ञाने इंग्लंडमधल्या अ‍ॅनिक या जुन्या गावाचा बारकाईने अभ्यास करून १९६० मध्ये मांडलेली गोष्ट इथे हाताशी धरावी. रस्त्यांची आणि जमिनीच्या तुकड्यांची आखणी सगळ्यात हळू बदलते, इमारती त्यापेक्षा लवकर, आणि इमारतींचा वापर सर्वात भराभर. म्हणजे दुकानं शोधत निघालात तर चुकामूक ठरलेली. रस्त्याचं वळण, चढ, नदीचा काठ, रेल्वेमार्ग यांना धरून चाललं तर पुष्कळ काही जिथल्या तिथे सापडतं. पायीच जा, एकाच भागात, फार तर तीन-चार किलोमीटर. वाहनातून पाच भाग बघण्यापेक्षा एक भाग पायाखालून घातला तर जास्त आठवतं, कारण वळणं, वास, पायऱ्या यांतून आठवणींना धागा मिळतो. जुनं घर बाहेरून बघावं. आत आता दुसऱ्यांचा संसार आहे, त्यांच्या खिडक्यांचे फोटो काढू नयेत. आत जायची फारच इच्छा असेल तर भर दिवसा बेल वाजवून, कोण आहोत ते सांगून विचारावं आणि नाही म्हटलं तर लगेच निघावं.

तिथे राहणाऱ्यांसमोर ‘पूर्वी किती छान होतं’ हे किती वेळा म्हणतो याकडे लक्ष असू द्या. ज्यांनी पाणीटंचाई, खोदकाम आणि वाढती भाडी सोसत ते शहर चालू ठेवलं, त्यांना ते ऐकणं जड जातं. काय नवं झालं ते त्यांना विचारलं तर ते आनंदाने दाखवतात, आणि चालण्याचा पुढचा रस्ताही सुचवतात.

परतीच्या दिवशी पुन्हा परक्या शहराचा नियम लावा. गाड्या सुटण्याची ठिकाणं बदललेली असतात, स्थानकाला दुसऱ्या बाजूने नवं प्रवेशद्वार झालेलं असतं, विमानतळाची इमारत वेगळी असू शकते. तिकिटावरचं सुटण्याचं ठिकाण अक्षर न् अक्षर वाचा, ते तसंच्या तसं नकाशात टाका आणि मुक्काम सोडण्याच्या आदल्या रात्रीच गाडी सांगून ठेवा.