कात्री, पट्टी आणि झोल

दोन वर्षं डी.फार्म म्हणजे फार्मसीचा डिप्लोमा केला, रजिस्ट्रेशन केलं, आणि दिवसभर करते काय तर गोळ्यांच्या पट्ट्या कापते, असं आमची आई म्हणते. खोटं नाहीये ते. मेडिकलमध्ये माझ्या हातात पेनापेक्षा कात्रीच जास्त असते.

पण कापायलाही अक्कल लागते हो. बॅच नंबर आणि एक्स्पायरी बऱ्याच पट्ट्यांवर एकाच टोकाला असते, म्हणून कापायचं कायम दुसऱ्या टोकाने, तारखेचं टोक शेवटपर्यंत आपल्याकडे ठेवायचं. आता यात मेख अशी की गिऱ्हाईकाच्या हातात जो तुकडा जातो त्यावर ना तारीख, ना धड नाव.

मागे एक मावशी आल्या, रुमालाची गाठ सोडून चांदीच्या कागदाचा एक तुकडा काउंटरवर ठेवला, "हीच दे गं पोरी, चार." बघते तर नावाची शेवटची अक्षरंच उरलेली, झोल! म्हटलं मावशी, हा खरंच झोल आहे. पॅन्टोप्राझोल असेल तर ॲसिडिटी, अल्बेंडाझोल असेल तर जंत, मेट्रोनिडाझोल असेल तर जुलाब. विचारलं कशाची गोळी? तर म्हणे पोटाची. झालं का! तिन्ही पोटाचीच की. शेवटी मुलाला फोन लावला, त्याने चिठ्ठीचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकला, तेव्हा कळलं पॅन्टोप्राझोल. पाठीमागे तीन माणसं घड्याळ बघत उभी, एकाला नुसतं क्रोसिन हवं होतं, तो तर निघूनच गेला.

तेव्हापासून कापलेला तुकडा मी नुसता देत नाही, कागदी पाकिटावर नाव आणि एक्स्पायरी लिहिते, खाली सकाळसाठी सूर्य, रात्रीसाठी चंद्र.

अँटिबायोटिकचं मात्र डोकं फिरवणारं असतं. पट्टीवर लाल रेघ असते ती डिझाईन म्हणून नसते ना, चिठ्ठीशिवाय घेऊ नका म्हणून असते! "मॅडम दोनच द्या, बरं वाटलं की बंद करतो." सेफिक्सिमसारखी अँटिबायोटिक्स शेड्यूल एच-वन मध्ये, म्हणजे कडक नियमांच्या औषधांच्या सरकारी यादीत आहेत, चिठ्ठी तर लागतेच, वर डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं हे सगळं वेगळ्या रजिस्टरला लिहायचं आणि ते रजिस्टर ३ वर्षं जपायचं. हे सांगितलं की लोक माझ्याकडे असं बघतात जणू मी त्यांच्याकडे सातबारा मागितलाय. मग "राहू दे" म्हणून पुढच्या दुकानात. मिळत असेलही तिथे, मला काय माहीत, मी आपली गप्प बसते आणि मालक गल्ल्याकडे बघतो.

मावशी आता महिन्याला येतात. तुकडा नाही आणत, तेच पाकीट आणतात, घड्या पडून मऊ झालेलं. सूर्याच्या बाजूला मी "उपाशीपोटी" लिहिलेलं, ते पुसट झालंय. परवा बघितलं तर नातवाने सूर्याला मिशा काढल्यात. नवीन पाकीट देऊ का विचारलं तर नको म्हणाल्या.