पुळणीवर मिळालेला मणका

आषाढातल्या अमावास्येचं उधाण उतरलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गुहागरच्या पुळणीवर, सुरुबनाच्या कडेला, फाटक्या जाळ्यात अडकलेला एक मणका दिसला. जेवायच्या ताटाएवढा, गडद तपकिरी. माझे तर हातच थरथरायला लागले. कच्छमध्ये लोडाईजवळ इक्थिओसॉर या कोट्यवधी वर्षांपूर्वी नष्ट झालेल्या समुद्री सरपटणाऱ्या प्राण्याचा साडेपाच मीटर लांबीचा, दगड झालेला सांगाडा (जीवाश्म) मिळाल्याचं 2017 साली वाचलं होतं, तेव्हापासून हे वेड डोक्यात आहे.

मणका उचलून घरी आणला. हीच चूक झाली. आहे तिथेच पट्टी ठेवून फोटो काढायचा, मोबाईलवर जागा नोंदवायची आणि वस्तूला हात लावायचा नाही, हे मला नंतर कळलं.

आमच्या वाडीतल्या, रापण ओढून मासेमारी करणाऱ्या काकांनी पाहताक्षणी सांगितलं, "देवमाशाचा आहे हा. घरात ठेवू नकोस." मला पटेना. मग अंगणात उजेडात धरून नीट पाहिला. इक्थिओसॉरचा मणका दोन्ही अंगांनी वाटीसारखा खोलगट असतो, हा सपाट होता. तुटलेल्या कडेला घावनासारखी जाळी दिसत होती, बोट लावलं तर तेलकट, खवट वास. जीवाश्मात ही भोकं खनिजांनी भरलेली असतात, म्हणून तो दगडासारखा जड लागतो. हा आकाराच्या मानाने हलका होता. आणि मुळात आपला काळा कातळ लाव्हाचा, साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. इक्थिओसॉर त्याच्याही अडीचेक कोटी वर्षं आधीच संपले होते. त्या कातळात ते मिळणार कुठून?

देवमासा 1972 च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे. त्याचं हाड ही सरकारची मालमत्ता, हाती आल्यापासून 48 तासांत कळवावं लागतं. एका कार्यालयाने दुसरीकडे पाठवलं, दुसऱ्याने परत पहिल्याकडे. त्यात अख्खा दिवस गेला, आणि मुदत संपत आल्याने जीव टांगणीला लागला होता. शेवटी तारीख, वेळ, जागा लिहून फोटोंसह अर्ज दिला आणि त्याची पोच घेतली. पोच घेतल्याशिवाय उठू नका, एवढं मात्र सांगेन.

वनरक्षक संध्याकाळी आले. टेपने मोजमाप, दोन पंचांच्या सह्या, पंचनामा. मणका गोणपाटात गुंडाळताना ते म्हणाले, "बाकीचा सांगाडा आला तर नुसता फोन करा." पुढचे चार दिवस प्रत्येक ओहोटीला मी बागेपर्यंत पुळण चालून पाहिली. फक्त एक बरगडी मिळाली, तीही अर्धी. तिला हात न लावता तिथूनच फोन केला.