गाडी चोरीला गेली त्याचं एवढं नाही, 'अ समरी'ने जीव खाल्ला

बाईक गेली की जो तो एकच विचारतो, कम्प्लेंट दिली का. अहो दिली. एफआयआर त्याच रात्री झाली, कॉपी फुकट मिळते ती घेतली, इन्शुरन्सवाल्यांना फोन करून क्लेम नंबर घेतला, हे सगळं सरळ झालं. कलम लागलं भारतीय न्याय संहितेचं 303(2), 1 जुलै 2024 च्या आधी हेच भारतीय दंड संहितेचं 379 होतं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत किंवा दंड किंवा दोन्ही, दुसऱ्यांदा दोषी ठरला तर एक ते पाच वर्षं. आता चोरच सापडत नाही तर ही वर्षं मोजून मी काय करू.

खरा ताप पुढे. सर्व्हेअर येऊन गेला, जबाब झाला, दोन्ही ओरिजिनल चाव्या दिल्या (दुसरी चावी आत्ताच शोधून ठेवा, एकच दिली की गाडीला चावी लावून ठेवली होती का इथून सुरू होतं), आणि मग कंपनी म्हणाली, फायनल रिपोर्ट आणा. म्हणजे 'अ समरी', गुन्हा खरा पण तपास लागला नाही असा पोलिसांचा रिपोर्ट, आणि त्यावर कोर्टाची मंजुरी. पोलीस स्टेशनला गेलो तर साहेब बंदोबस्ताला. परत गेलो तर तपास चालू आहे. परत गेलो तर तपास ज्यांच्याकडे होता त्यांची बदली, नवीन साहेबांना फाईलच माहीत नाही. कंपनीला सांगितलं तर ते म्हणतात त्याशिवाय आमचं काही हलत नाही, आणि दर आठवड्याला त्यांचा मेल येतो की कागद आले नाहीत तर क्लेम बंद करू. म्हणजे पोलीस म्हणणार घाई काय आहे आणि कंपनी म्हणणार उशीर का झाला, मधे मी, आणि बाईकचा हप्ता चालूच, कारण गाडी गेली म्हणून लोन जात नाही.

शेवटी तोंडी बोलणं बंद केलं. लेखी अर्ज दिला, एफआयआर नंबर टाकून, दुसऱ्या कॉपीवर आवक शिक्का घेतला, त्याचा फोटो कंपनीला मेल केला की बघा माझ्याकडून उशीर नाही. हा शिक्का मारून घेताना कारकून असा बघतो की आपणच गाडी चोरलीय, पण घ्याच. त्यानंतर रिपोर्ट वर गेला, मग कोर्टात, तिथे सर्टिफाइड कॉपीसाठी वेगळा अर्ज. कॉपी हातात आली की अक्षर बघा, अ च पाहिजे. ब म्हणजे तक्रारच खोटी, मग क्लेम विसरा.

हां, आणि कंपनीला कळवायला उशीर झाला म्हणून कोणी क्लेम नाकारत असेल तर गप्प बसू नका, एफआयआर लगेच केलेली असेल तर फक्त त्या कारणाने खरा क्लेम नाकारता येत नाही असं सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये सांगितलंय. कंपनीने तक्रार ऐकली नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं, तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही.

बाकी गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे आरटीओचे फॉर्म 28, 29, 30 सह्या करून दिले, सब्रोगेशन लेटर दिलं, म्हणजे उद्या गाडी सापडली तर ती कंपनीची. लोन असेल तर पैसे आधी फायनान्सवाल्याला जातात. आणि मिळते ती आयडीव्ही, म्हणजे गाडीच्या वयाप्रमाणे घसारा वजा करून पॉलिसीत लिहिलेली किंमत, शोरूमची किंमत नाही. पॉलिसी घेताना माझ्या गाडीला दोन वर्षं होऊन गेलेली, म्हणून 30 टक्के आधीच वजा होते. रिटर्न टू इनव्हॉइस, म्हणजे बिलाची किंमत परत देणारं जादाचं कव्हर, घेतलं असतं तर फरक मिळाला असता असं मला क्लेम पास झाल्यावर सांगितलं, धन्यवाद.

अजून एक, नवीन बाईकबरोबर पाच वर्षांची पॉलिसी मिळते ना, ती पाच वर्षं फक्त थर्ड पार्टीची असते, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर; ओन डॅमेज, म्हणजे आपल्याच गाडीचं नुकसान किंवा चोरी, बहुतेक वेळा पहिल्या वर्षापुरतंच. चोरी थर्ड पार्टीत बसत नाही. कागद काढा आणि तारीख बघा.