तू बिश्वातची बिस्किटांची झाडं

ज्यू पंचांगातल्या शेवात महिन्याची १५ तारीख, म्हणजे तू बिश्वात, झाडांचं नवं वर्ष. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंच्या घरांत याच दिवसाला एलियाहू हन्नाबीचा, म्हणजे एलिया प्रेषिताचा, उरूस म्हणतात. कुणी अलिबागजवळच्या खंडाळ्याला, खडकावरच्या त्याच्या रथाच्या खुणांच्या दर्शनाला जातं, बाकीचे मलिद्याला, म्हणजे नैवेद्याच्या विधीला, जमतात. मोठी माणसं पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची आणि फळांच्या ताटात गुंतलेली. मंडळाच्या हॉलचा एक कोपरा मात्र दरवर्षी पोरांचा. तिथे झाडाच्या आकाराची बिस्किटं रंगायची.

बिस्किटं आदल्या दिवशीच भाजायची, गरम बिस्किटावर आयसिंग वितळून ओघळतं. सण शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, आला तर भाजणं-रंगवणं सगळं रविवारी.

वीसेक झाडांना २५० ग्रॅम मैदा, १२५ ग्रॅम लोणी, १०० ग्रॅम पिठीसाखर, एक अंडं, चिमूटभर मीठ. अंडं आधी वाटीत फोडून बघायचं, रक्ताचा ठिपका दिसला तर टाकून द्यायचं. ज्यू आहारनियमांत मांस आणि दूध एकत्र चालत नाही, म्हणून जेवणात मटण असेल तर लोणी बाद, मार्जरीन घ्यायचं. त्याच्या पाकिटावरही दूध नाही ना, ते वाचून. बेकिंग पावडर अजिबात नको. तिने बिस्किट फुगतं आणि झाडाचा कोबी होतो.

पीठ दोन बटरपेपरांमध्ये पाऊण सेंटीमीटर जाड लाटून अर्धा तास फ्रिजात. कापल्यावर पुन्हा पंधरा मिनिटं. कंटाळून ही दुसरी पाळी गाळली की कडा पसरल्याच म्हणून समजा. मग १७० अंशांवर दहा-बारा मिनिटं, कडेला जेमतेम बदामी रंग येईपर्यंत.

आकाराबद्दल आमचं मत पक्कं आहे. बाजारात मिळणारा त्रिकोणी, पायऱ्यापायऱ्यांचा साचा नाताळचा, तो इथे नको. पुठ्ठ्याचं गोल डोक्याचं झाड कापून त्याभोवती सुरी फिरवावी. खोड दोन सेंटीमीटर तरी रुंद ठेवा. नाजूक खोड दिसतं छान, पण पोराने उचललं की मोडतंच, आणि मग रडारड.

आयसिंगसाठी २०० ग्रॅम चाळलेली आयसिंग शुगर आणि दोन मोठे चमचे लिंबू-पाणी. चमच्यातून सोडलेली धार वाडग्यात पंधरा-वीस सेकंदांनी मिसळली तर कडेची रेघ काढायला योग्य. आत भरायला थेंबथेंब पाणी घालून ती दहा सेकंदांवर आणायची. रंग जेलचाच, पातळ रंगाने सगळं मिश्रणच सैल होतं. हिरवा वाळल्यावर गडद होतो, म्हणून हवा त्याहून फिका कालवावा. खोडाचा कोको चाळला नाही तर गुठळी कोनाच्या तोंडात अडकते. कोन मेंदीचा करतात तसाच, त्यामुळे मेंदी काढणाऱ्या मुलींचा हात इथे सगळ्यात सफाईदार चालायचा.

बदामाचा मोहोर काढायला हिरवा थर पूर्ण वाळू द्यावा, नाहीतर गुलाबी त्यात पसरतो. पाच फिके ठिपके, मधे एक पिवळा. खजूर आणि अंजिराचे तुकडे उलट ओल्या आयसिंगवरच बसवायचे, पण आधी पिठीसाखरेत घोळवून, कारण त्यांच्या ओलाव्याने भोवतीचं आयसिंग पाझरतं. डाळिंबाचे खरे दाणे कुणीतरी दरवर्षी लावायचंच, आणि तासाभरात झाड लाल होऊन वाहायला लागायचं. दाणे ताटात ठेवा, झाडावर लाल ठिपके काढा.

रंगवलेली झाडं पंख्याखाली किमान सहा तास, एकावर एक न ठेवता. वाळल्यावर डब्यात, थरांमध्ये बटरपेपर. फ्रिजात ठेवलीत तर बाहेर काढल्यावर घाम सुटतो आणि सगळे रंग एकमेकांत उतरतात.